कौलावरचा दात

कडी वाजली की चंदर खाटेवर उठून बसायचा आणि सदऱ्याचा खिसा चाचपायचा.

दहिवलीच्या त्या आळीत भर दुपारी वाजणारी कडी एकच, त्याच्या फाटकाची. मग चपला भिरकावल्याचा आवाज, मग पायरीवर धप्प, आणि मग दारात पाच वर्षांचा सुगत. आल्या आल्या तो आजोबांच्या तोंडाकडे बघायचा नाही. आधी हात खिशात जायचा. हाताला गोळी, चॉकलेट, क्रीमचं बिस्किट असं काही लागलं, की मग मान वर व्हायची आणि तो विचारायचा, "आबा, काय करतोयस?"

चंदरला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. खिसा काय नि तोंड काय, दोन्ही आपलंच.

चंदरची उभी हयात खोपोलीच्या कागदाच्या कारखान्यात गेली. कधी सकाळपाळी, कधी रात्रपाळी. त्याच्या मुलाचा, प्रीतमचा, पहिला दात कधी आला नि कधी पडला, हे त्याला बायकोच्या तोंडून कळलं होतं. तो घरी यायचा तेव्हा पोर झोपलेलं असायचं, नाहीतर पोर जागं असायचं तेव्हा तो झोपलेला. पुढे कधीतरी प्रीतम बापापेक्षा उंच झाला नि साजगावच्या एका कंपनीत लागला. तेव्हा चंदरच्या ध्यानात आलं की या मुलाशी बोलायचं म्हटलं तर आपल्याकडे पाऊसपाणी आणि कंपनीतल्या पाळ्या, याखेरीज विषयच नाही.

बायको, मालन, होती तोवर घरात बोलणं होतं. तीच दोघांच्या वाटचं बोलायची. ती गेली, आणि सहा महिन्यांत प्रीतम नि सून स्नेहल पुलाजवळच्या नव्या इमारतीत राहायला गेले. "आबा, तुमी पण चला," असं प्रीतम म्हणाला होता, आणि मनापासून म्हणाला होता. पण ते घर चंदरनं बघितलं होतं. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची खिडकी. तो म्हणाला, "घर बंद ऱ्हायलं की वाळवी लागते रं. मी हाय इथंच."

स्नेहल कर्जतच्या बाजारातल्या एका पतपेढीत नोकरीला होती. म्हणून सुगतच्या दुपारी आबांच्या वाट्याला आल्या. शाळेची गाडी त्याला नाक्यावर सोडायची आणि संध्याकाळी स्नेहल येताना घेऊन जायची. मधले ते चार-पाच तास सोडले, तर त्या घरात दिवसभर भांडंसुद्धा वाजत नसे.

सुगत वेळेआधी जन्मला होता. दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. घरी आणला तेव्हा मालनच्या ओंजळीत तो मावायचा आणि वर जागा उरायची. बघायला येणाऱ्या बायका दारातून बाहेर पडल्यावर हळू आवाजात म्हणायच्या, "लईच बारीक हाय गं. धरंल ना जीव?" मालनच्या कानांवर ते जायचं. तिनं मग एकच ध्यास घेतला, पोराच्या अंगावर मांस चढवायचं. नाचणीचं सत्त्व, तूप-भात, दुधात साखर, सत्त्वात गूळ. ती गेल्यावर चंदरनं तो ध्यास पुढे चालवला. त्याला मालनसारखं रांधता येत नव्हतं. त्याला दुकानात जाता येत होतं.

आणि पोर भरलं. गाल वर आले, मनगटाला वळ्या पडल्या. रस्त्यानं चालताना कुणी ना कुणी गालाला हात लावून म्हणायचंच, "काय गुटगुटीत केलंय रं चंदर नातवाला!" त्या शब्दावर चंदरचे दोन दिवस निघायचे.

आळीच्या टोकाला भाताची गिरणी होती. तिथल्या मोठ्या काट्यावर महिन्यातून एकदा तो सुगतला उभं करायचा. गिरणीवाला निलेश पोती बाजूला सारायचा, काटा स्थिर होईपर्यंत डोळे बारीक करायचा आणि मग मोठ्यानं ओरडायचा, "अर्धं पोतं भरलं हो चंदरबाबा! शिवून टाकू का तोंड?"

"तुसासकट मापू नको रं," चंदर म्हणायचा. "निव्वळ सांग."

"निव्वळच हाय. तुमच्या नातवात कोंडा नाय निघायचा."

सगळे हसायचे. सुगतही हसायचा, पांढऱ्या धुळीत नाक पुसत. हसताना त्याचे वरचे पुढचे दात दिसायचे. कडेनं तपकिरी, मधे काळे, झिजून हिरडीशी आलेले. गिरणीत ते कुणाच्या नजरेत भरत नसत. सगळ्यांचं लक्ष काट्याकडे.

अंगणवाडीच्या इंदूताईंनी एकदा चंदरला रस्त्यात थांबवलं होतं. "आबा, सुगतचं वजन वाढलंय हां."

"मग!" चंदर म्हणाला.

"तसं नाही. वयाच्या मानानं जास्त आहे म्हणते मी."

"तुमचीच मेहेरबानी," म्हणून तो हात जोडून पुढे गेला. इंदूताई तिथंच उभ्या राहिल्या. त्या दिवशी चंदरनं दुकानदाराला, निलेशला, शेजारच्या सोमीला सगळ्यांना सांगितलं, की अंगणवाडीच्या बाईंनी आपणहून थांबवून सांगितलं, पोराचं वजन जास्त हाय म्हणून. जास्त म्हणजे चांगलं, याखेरीज दुसरा अर्थ त्या घराला माहीतच नव्हता. त्या घरानं काचेची पेटी बघितली होती.

दातांचा विषय कधी निघाला नव्हता असं नाही. शाळेत फोटो काढायचे होते तेव्हा सुगतनं ओठ गच्च मिटून घेतले. फोटोवाला "हस, हस" म्हणून थकला. घरी आल्यावर स्नेहलनं खोदून खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "वर्गातल्या मुली मला काळ्या दाताचा म्हणतात."

"त्यांना म्हणावं, दुधाचे हायत," प्रीतम म्हणाला. "पडतील. माझे पण किडलेलेच होते. होते ना आबा?"

चंदरला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "व्हते."

स्नेहलला दातांपेक्षा दुसरीच काळजी होती. "रात्री घास खात नाही हो हा. ताट नुसतं चिवडतो. शेवटी मी दुधाची बाटली देते, निदान पोटात काही जाईल. तोंडात बाटली असल्याशिवाय झोपत पण नाही."

"पाच वर्षांचं पोर नि बाटली?" प्रीतम म्हणाला.

"तू झोपवून बघ एकदा."

रात्री भूक का नसते ते चंदरला ठाऊक होतं. संध्याकाळी सहाला पारले बिस्किटांचा पुडा चहात बुडवून संपलेला असायचा. पण सून इतक्या काळजीनं बोलत असताना ते मधे कसं काढायचं, म्हणून त्यानं काढलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी बिस्किटांच्या जोडीला एक केळं आणलं.

शाळा सुटली की मात्र सुगतला दातांची काही फिकीर नसे, आणि त्याला कारण होतं. दुपारी जेवण झालं की आबा तोंडातली कवळी काढून पेल्यातल्या पाण्यात ठेवायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो घाबरून दारामागे लपला होता. मग हळूहळू त्याला त्याचं भारी अप्रूप वाटायला लागलं. पेला उचलून तो उजेडात धरायचा. दात पाण्यात हसायचे.

"आबा, माझे पण काढून दे. मी घासतो."

"तुझे निघायचे नायत."

"का? तुझे निघतात."

"मी रात्रपाळीला तंबाखू खाल्ली, जागं ऱ्हायला. मग माझे खरे गेले. हे विकतचे."

"मग मी पण विकतचे घेईन," सुगत म्हणाला, आणि तो प्रश्न त्याच्यापुरता मिटला.

अशाच एका दुपारी चंदरनं त्याला कौलांची गोष्ट सांगितली होती. दोघं अंगणात खाट टाकून पडले होते. वर घराची उतरती कौलं, त्यांच्यावर चिंचेचा पाला. "माझा पयला दात पडला ना, तो माझ्या आयनं मला हातात दिला. म्हणाली, टाक वर नि सांग उंदराला, माझा घे नि तुझा दे. मी टाकला. याच कौलांवर."

"मग?"

"मग उंदरानं नवा दिला."

सुगत बराच वेळ कौलांकडे बघत राहिला. मग त्यानं पेल्याकडे बोट केलं. "मग हे पडले तेव्हा का नाही टाकले वर?"

"टाकून उपेग नाय. उंदीर एकदाच देतो. त्यानं दिलेले मला सांभाळता आले नायत."

सुगतनं मान हलवली, जशी मोठी माणसं हलवतात तशी.

*

माघात एका सकाळी सुगतचा गाल सुजला. डोळा अर्धा मिटला होता. रात्रभर तो रडला होता. प्रीतमनं पाळी चुकवली, स्नेहलनं पतपेढीत फोन केला, आणि तिघं त्याला घेऊन कर्जतला दातांच्या डॉक्टरणीकडे गेले. चंदर तिसरा. त्याला कुणी चला म्हटलं नव्हतं, पण तो रिक्षात बसला.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं सुगतला खुर्चीत बसवून खुर्ची वर-खाली करून दाखवली, तेव्हा कुठं त्यानं तोंड उघडलं. आरसा आत घालून तिनं बराच वेळ बघितलं.

"काढून धुवून दे," सुगत तोंडात आरसा असतानाच म्हणाला. "आबांचे निघतात तसे."

डॉक्टरीण हसली. मग मोठ्यांकडे वळली तेव्हा हसत नव्हती. "पुढचा एक दात काढावाच लागेल, आत पू झालाय. आधी सूज उतरायला औषध देते, मग पुढच्या आठवड्यात. बाकीचे आणि मागच्या दाढा भरून बघू."

"दुधाचेच हायत ना पण, मॅडम?" प्रीतमनं विचारलं. "पडणारच ना ते?"

"पडणार, पण आपल्या वेळेनं. तोवर त्याला जेवायचंय, बोलायचंय, चारचौघांत हसायचंय. आणि खालून येणाऱ्या दाताची जागा हेच राखून ठेवतात. रात्री झोपताना बाटली देता?"

स्नेहल जमिनीकडे बघत म्हणाली, "देते. साखर घालून."

"आणि दिवसा?"

उत्तर दिलं ते सुगतनं. "दिवसा आबांचा खिसा असतो."

"वजन किती याचं?"

हा प्रश्न चंदरच्या ओळखीचा होता. तो खुर्चीत सरळ बसला. "सव्वीस किलो. निव्वळ."

"पाच वर्षांच्या मुलाला हे जास्त आहे, आबा," डॉक्टरीण म्हणाली. आवाज तिनं चढवला नव्हता. पण तोच शब्द इंदूताईंनी वापरला होता हे चंदरला आठवलं, आणि त्यांच्यापुढे आपण हात जोडले होते, तेही आठवलं. त्यानं मान खाली घातली. भिंतीवर एका पोराचं चित्र होतं, पांढरे शुभ्र दात दाखवून हसणारं. ते पोर त्याच्याचकडे बघतंय असं त्याला वाटत राहिलं.

बाहेर आल्यावर स्नेहल म्हणाली, "आबा, आजपासून खाऊ बंद. माझ्याकडचाही आणि तुमच्याकडचाही. बाटली मी घरी गेल्या गेल्या टाकून देते."

"बरं," चंदर म्हणाला.

*

सूज उतरली आणि सुगत पुन्हा शाळेत जायला लागला. दुपारी कडी वाजली. चपला, धप्प, आणि हात खिशात.

हात खिशात फिरला. कोपऱ्यात गेला. दुसऱ्या खिशात गेला. मग सुगतनं फळीवरचा डबा हलवून बघितला. तो वाजला नाही.

"खाऊ?"

"नाय रं राजा. आईनं सांगितलंय ना? चल, पोळी-भाजी खाऊ. मग मी तुला गोष्ट सांगतो."

सुगत दारात उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशोब न जमल्यासारखं काहीतरी होतं. "मग मी कशाला आलो?"

तो मुद्दाम लागेल असं बोलला नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं.

चंदरनं त्या दुपारी जमेल ते केलं. कागदाची होडी केली, बैलगाडी केली, कारखान्यातल्या भोंग्याचा आवाज काढून दाखवला. सुगतनं होडी हातात घेतली नि ठेवली. मग तो पायरीवर जाऊन बसला आणि आई कधी येईल ते विचारत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं कडीसुद्धा जोरात वाजवली नाही. हळू आला, खिसा लांबूनच बघितला. तो सपाट होता. दप्तर घेऊन तो पुन्हा पायरीवर बसला.

रात्री चंदर एकटाच जेवायला बसला. एवढी वर्षं पोर माझ्याकडे येत होतं, का खिशाकडे? त्यानं हा प्रश्न उलटापालटा करून बघितला. कुठल्याही बाजूनं बघितलं तरी उत्तर चांगलं निघेना. मालन असती तर तिनं काहीतरी बोलून तो हलका केला असता.

तिसऱ्या दिवशी तो दुकानात गेला आणि शेंगदाण्याची चिक्की घेऊन आला. वाटेत त्यानं मनाशी नीट विचार केला होता. किडलेल्या दातानं चावायला नको, एवढंच ना? तो स्वतः चिक्की खायचा ती खलबत्त्यात कुटून, कवळीला त्रास नको म्हणून. मग पोरालाही कुटून देऊ. दाताला लागणारच नाही. त्यानं चिक्कीचं अगदी पीठ केलं, वाटीत भरलं, चमचा दिला.

सुगतनं वाटी चाटूनपुसून संपवली. "आबा, काय करतोयस?" त्यानं विचारलं, आणि येऊन मांडीवर बसला. चंदरनं त्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. किती तरी वेळ तो तसाच बसला.

संध्याकाळी स्नेहल आली तेव्हा सुगत गाल धरून खाटेवर गडबडा लोळत होता. तिनं त्याला उचललं. शर्टाच्या कॉलरला चिकट पिवळा चुरा होता. तिनं तो बोटावर घेतला, वास घेतला, आणि सासऱ्याकडे बघितलं.

"कुटून दिली व्हती," चंदर म्हणाला. "चावायला लागू नये म्हणून."

स्नेहल खाटेच्या कडेला बसली. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आबा, मी तुमचा दोष काढत नाही," ती म्हणाली. "इतके दिवस बाटली मीच देत होते. मलाही नाही म्हणता येत नव्हतं. पण तुम्हाला अजून येत नाहीये. आमच्या इमारतीत खाली एक पाळणाघर आहे. थोडे दिवस तिथं ठेवते त्याला."

"थोडे म्हंजे?"

"बघू ना."

ती गेली. वाटी जमिनीवर तशीच होती. चंदरनं ती उचलून धुतली, पुसली आणि पुन्हा धुतली.

*

मग कडी वाजेनाशी झाली.

दुपारी त्या वेळेला चंदर उठून बसायचा, सवयीनं. खिसा चाचपायचा आणि पुन्हा आडवा व्हायचा. कवळी पेल्यात पडून राहायची. ती कुणी उजेडात धरत नव्हतं. शेजारची सोमी कुंपणावरून म्हणाली, "पोरगं दिसत नाय रं भावजी?" त्यानं "शाळा हाय त्याला" असं सांगितलं. गिरणीवरून जाताना निलेशनं हाक मारली, "चंदरबाबा, आपलं पोतं कुठंय? काटा गंजला ना!" चंदरनं लांबूनच हात हलवला आणि पुढच्या वेळी मागल्या वाटेनं गेला.

एकदा तो पुलाजवळच्या त्या इमारतीपर्यंत चालत गेला. पाळणाघराची खिडकी रस्त्याकडे होती. आतून पोरांचा गलका येत होता, टाळ्या वाजवून काहीतरी म्हणत होती. त्यात सुगतचा आवाज निवडून काढायचा त्यानं प्रयत्न केला. सगळे आवाज सारखेच वाटले. आत जाऊन भेटलं असतं तर कुणी हाकललं नसतं. फाटकातला वॉचमनसुद्धा म्हणाला, "जावा ना बाबा आत." पण रिकाम्या खिशानं जायचं तरी कसं? आणि भरलेल्या खिशानं जायची सोय आता नव्हती. तो समोरच्या कठड्यावर थोडा वेळ बसला, मग उठून घरी आला.

येताना तो दुकानाशी थांबला. दुकानदारानं न विचारताच चॉकलेटची बरणी पुढे सरकवली. चंदरनं बरणीकडे बघितलं आणि म्हणाला, "मीठ दे."

दात काढायचा दिवस त्याला ठाऊक होता. प्रीतमनं फोनवर सांगितला होता. "येताव का, आबा?" असंही विचारलं होतं. चंदर म्हणाला, "तुमी जावा. मी असलो की त्याला खाऊच आठवंल." त्या दिवशी मात्र त्याच्या घरात जेवण शिजलं नाही. दिवसभर तो अंगणातला पालाच झाडत राहिला, झाडलेलंच पुन्हा झाडत.

उन्हं उतरत होती. कडी वाजली.

खराटा हातात तसाच धरून चंदर वळला. चपला फेकल्याचा आवाज नव्हता. फाटकात स्नेहल होती, तिचं बोट धरून सुगत. त्याच्या तोंडात कापसाचा बोळा होता आणि मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं.

"दवाखान्यातून आल्यापासून डोकं खाल्लंय यानं," स्नेहल म्हणाली. ती दमलेली दिसत होती. "तिकडे दात काढताना रडला नाही, आणि घरी येऊन भोकाड. दात उंदराला द्यायचा म्हणे. प्रीतमनं सांगितलं, चल गच्चीवर टाकू. तर म्हणतो, तिथं उंदीर राहत नाही, उंदीर आबांच्या कौलावर राहतो."

सुगत पुढे आला, सरळ चंदरपाशी, आणि त्याचा हात वर गेला. खिशात गेला. खिशात काहीच नव्हतं. आता याचं तोंड उतरणार, म्हणून चंदर बघत राहिला.

सुगतचा हात खिशात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यानं तो बाहेर काढला, दुसऱ्या मुठीतली प्लास्टिकची इवलीशी डबी घेतली आणि ती त्या खिशात घातली.

"हे तुझ्याकडे ठेव," बोळ्यातून तो बोबडं बोलला. "माझ्याकडून हरवेल."

दात केवढासा होता! तांदळाच्या कणीएवढा नि काळा. चंदरनं तो डबीतून काढून त्याच्या तळहातावर ठेवला. "टाक वर. नि सांग त्याला."

"माझा घे नि तुझा दे!" सुगत ओरडला आणि त्यानं दात फेकला. दात कौलावर पडला, घरंगळला, एका कौलावरून दुसऱ्यावर टिक टिक करत खाली आला आणि अंगणात पडला.

"त्याला नको वाटतं," सुगत एवढंसं तोंड करून म्हणाला. "काळा आहे म्हणून."

"असं कसं? त्याच्या ध्यानात आलं नसंल. थांब."

दोघं वाकून अंगण शोधायला लागले. मघाशी झाडलेलं होतं म्हणून बरं. स्नेहलही पर्स पायरीवर ठेवून वाकली. दात तिलाच सापडला, तुळशीकट्ट्यासारख्या रचलेल्या विटांच्या फटीत. चंदरनं सुगतला उचलून खांद्यावर घेतलं. पोर खरोखरच जड होतं. पाठीतून कळ आली, ती त्याच्या चेहऱ्यावर दिसली आणि सुनेनं ती बघितली. या वेळी दात वर कौलांच्या खोबणीत गेला आणि राहिला. थोडा वेळ तिघंही वर बघत थांबले. तो खाली आला नाही.

"कधी देईल?" सुगतनं खांद्यावरूनच विचारलं.

उद्या, असं सांगणं सोपं होतं. चंदरच्या जिभेवर आलंही होतं. "दोन वर्सं तरी लागतील," तो म्हणाला.

"दोन वर्षं म्हणजे किती?"

"लई. तू आणखी उंच व्हशील तोवर. मला उचलता यायचं नाय तुला."

"मग मी बघायला येऊ? दिलाय का ते?"

हे उत्तर चंदरचं नव्हतंच. तो स्नेहलकडे बघत राहिला.

स्नेहलनं पर्स उचलली, तिची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. "शनिवारी आणीन," ती शेवटी म्हणाली. "डबा देईन बरोबर, तोच खायचा. आबा, नुसता शनिवार. मग पुढचं बघू."

"शनवार बास हाय," चंदर म्हणाला.

ते गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की रिकामी डबी खिशातच राहिली. त्यानं ती काढून फळीवरच्या डब्यात ठेवली, मग पुन्हा खिशात ठेवली.

मधले दिवस जायचे तसेच गेले. दुपारी घर तितकंच गप्प असायचं, पेल्यातली कवळी तशीच असायची. एक फरक होता. तो आता अंगणात आला की एकदा वर बघायचा.

शनिवारी कडी जोरात वाजली. चपला, मग धप्प. चंदर खाटेवर उठून बसला आणि त्याचा हात सवयीनं खिशाकडे गेला. पण सुगत आत आलाच नाही. दप्तर पायरीवर टाकून तो तसाच मागे वळला आणि अंगणाच्या मधोमध जाऊन, मान मागे टाकून कौलांकडे बघत उभा राहिला.

खिशात हात आला नाही, म्हणून चंदरला क्षणभर छातीशी रितं रितं वाटलं. मग तो उठला, कवळी तोंडात बसवली आणि बाहेर जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिला.

"नाही दिला अजून," सुगत म्हणाला. वर बघता बघताच त्यानं आबांचं बोट धरलं. ओठ उघडे होते, आणि दातांच्या रांगेत मधोमध खिडकी पडलेली होती.

"नाय," चंदर म्हणाला. "बघू पुढच्या शनवारी."